विडीच्या धुराची मोजदाद

विडी पानाची असते, तिच्यात कागद नाही, कारखान्यातली रसायनं नाहीत, त्यामुळे ती सिगारेटइतकी वाईट नाही, हा समज महाराष्ट्रात खेड्यापासून गिरणगावापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. बांधावर, आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात विडी शिलगावणाऱ्या माणसाला कुणी व्यसनी म्हटलं नाही. दारूड्याला नावं ठेवणाऱ्या घरातही विडीचं बंडल कोनाड्यात उघड्यावर असायचं.

या समजाची शहानिशा मुंबईतच झाली. परळच्या टाटा रुग्णालयात, कर्करोगाच्या नोंदवहीत आणि मतदारयाद्या हातात घेऊन दारोदार फिरलेल्या सर्वेक्षकांच्या कामातून ती झाली. धूम्रपानाने कर्करोग होतो हे आता पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं, पण ते कळलं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट कशी सिद्ध झाली हे ठाऊक नसलं की ती सहज नाकारता येते, आणि तंबाखूच्या बाबतीत हे नाकारणंच लाखो माणसांच्या जिवावर बेतलं आहे.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुप्फुसाचा कर्करोग फार विरळा होता. न्यूयॉर्कचे डॉक्टर आयझॅक ॲडलर यांनी 1912 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा या विषयावर पुस्तक लिहिण्यात काही अर्थ आहे का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच सुरुवातीला विचारला होता. पुढे पस्तीस वर्षांत चित्र पालटलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1922 साली या रोगाने 612 मृत्यू नोंदले गेले; 1947 साली 9,287. म्हणजे पंधरा पट. क्ष-किरण तपासणी सुधारल्यामुळे रोग जास्त सापडू लागला, असं काहींचं म्हणणं होतं. इतरांचा संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांवर नव्याने पसरलेल्या डांबरावर होता. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ आणि रिचर्ड डॉल हे तरुण डॉक्टर यांच्याकडे हा तपास आला, तेव्हा खुद्द डॉल यांनाही डांबरच दोषी ठरेल असं वाटत होतं. सिगारेट ते स्वतः ओढत होते. त्या काळातले बहुतेक इंग्रज पुरुष ओढत होते, आणि सगळेच जे करतात त्याच्यावर संशय घेणं अवघड असतं.

दोघांनी लंडनमधल्या 20 रुग्णालयांत प्रशिक्षित समाजसेविका पाठवल्या. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 709 रुग्णांना त्यांनी आयुष्यभराच्या सवयी विचारल्या. त्याच वयाच्या, पण दुसऱ्या आजारांनी दाखल झालेल्या 709 जणांनाही तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष 30 सप्टेंबर 1950 च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. कर्करोगाच्या 649 पुरुष रुग्णांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त 2 होते. तुलनेसाठी घेतलेल्या 649 पुरुषांत 27. रोज 25 किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढणारे कर्करोगाच्या रुग्णांत 26 टक्के होते, दुसऱ्या गटात साडेतेरा टक्के. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतून अर्न्स्ट विंडर या वैद्यकीय विद्यार्थ्याने आणि इव्हार्ट्‌स ग्रॅहम या नामांकित शल्यचिकित्सकाने हाच निष्कर्ष मांडला होता. ग्रॅहम स्वतः भरपूर सिगारेटी ओढत. त्यांनी त्या सोडल्या, पण 1957 मध्ये ते फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. डॉल यांनीही काम चालू असतानाच सिगारेट सोडली; ते 92 वर्षं जगले.

लंडनच्या त्या कामातला एक तपशील मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना समोरच्या माणसाला कर्करोग आहे हे ठाऊक असेल, तर त्या नकळत खोदून खोदून विचारतील आणि जास्त सिगारेटी लिहून घेतील, ही शंका रास्त होती. पण काही रुग्ण असे निघाले की मुलाखतीच्या वेळी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग आहे असं सगळ्यांनाच वाटत होतं, त्यांना स्वतःलाही, आणि नंतर निदान चुकीचं ठरलं. त्यांच्या सवयी तपासल्या, तर त्या कर्करोगाच्या रुग्णांसारख्या नव्हत्या, इतर रुग्णांसारख्या होत्या. विचारणाऱ्याचा कल उत्तरात उतरला असता, तर तो इथे दिसायला हवा होता. तो दिसला नाही.

तरीही आजारी माणसाला मागचं आठवायला सांगणं आणि निरोगी माणसाला आधी विचारून मग पुढे काय होतं ते पाहणं, यात फरक आहेच. म्हणून 1951 मध्ये डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधल्या सगळ्या डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. सुमारे 40 हजारांनी उत्तरं दिली. मग वाट पाहायची, आणि कोण कशाने गेलं याची नोंद ठेवायची. अडीच वर्षांच्या आतच पस्तिशीपुढच्या डॉक्टरांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे 36 मृत्यू झाले होते. त्यांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता, आणि जितक्या सिगारेटी जास्त तितकं मृत्यूचं प्रमाण चढतं होतं. हा अभ्यास पन्नास वर्षं चालला. 2004 मध्ये शेवटचा हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं की आयुष्यभर सिगारेट ओढणारे, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातात.

आपल्याकडे या विषयावर बोलताना एक आजोबा हमखास पुढे येतात. नव्वदीपर्यंत विडी ओढली, शेवटपर्यंत शेतात राबले, काही झालं नाही. हे आजोबा खरे असतात आणि त्यांना खोटं पाडायची गरज नाही. धूम्रपान चालूच ठेवणाऱ्यांपैकी साधारण निम्मे त्या सवयीमुळेच मरतात, असं या दीर्घ अभ्यासांनी दाखवलं. म्हणजे उरलेले निम्मे दुसऱ्या कशाने तरी जातात, आणि आजोबा त्यांच्यातले. प्रत्येक घरात सांगायला एक आजोबा सापडतात, याचं आणखी एक साधं कारण आहे. त्यांच्याबरोबर पारावर बसून विडी ओढणारे जे पन्नाशी-साठीत गेले, ते आज आपली बाजू मांडायला नाहीत. एका माणसाकडे बघून धोका कळत नाही. त्यासाठी हजारो माणसं मोजावी लागतात, आणि वर्षानुवर्षं मोजावी लागतात.

आक्षेप विद्वानांनीही घेतले. संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, रोनाल्ड फिशर, स्वतः पाइप ओढत. त्यांचं म्हणणं असं की कर्करोगाची प्रवृत्ती आणि सिगारेटची ओढ दोन्ही एकाच आनुवंशिक कारणातून येत असतील. मग सिगारेटला दोष का द्यायचा? प्रश्न खोटा नव्हता, पण त्याचं उत्तर आकड्यांतच होतं. सिगारेट सोडलेल्या डॉक्टरांचा धोका वर्षागणिक कमी होत गेला. माणूस सवय सोडतो तेव्हा त्याची जनुकं काही बदलत नाहीत. फिशर यांना सिगारेट कंपन्यांनी सल्लागार म्हणून मानधन दिलं होतं, हेही नोंदवायला हवं. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी तर जानेवारी 1954 मध्ये तिथल्या चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन छापलं, की पुरावा अपुरा आहे आणि आम्ही संशोधनाला मदत करू. पुढची चाळीसेक वर्षं त्यांनी संशयाचा धूर विझू दिला नाही. आतले कागद न्यायालयांत उघड झाले, तेव्हा त्यांना सत्य केव्हाच माहीत होतं हे जगाला दिसलं. या प्रकाराबद्दल मला आजही राग आहे, आणि तो लपवण्याचं काही कारण दिसत नाही.

आता मुंबई.

टाटा रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. कर्करोग म्हणजे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी, असं त्यांनी मानलं नाही. रुग्ण कुठून आला, काय खातो, काय ओढतो, कपडे कसे नेसतो, हे त्यांनी विचारलं. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर त्यांचा लेख आला. त्यात जळतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग होता, खैनी ओठात धरणाऱ्यांचा होता, आणि कमरेला धोतर घट्ट आवळण्याच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोगही होता. उलटी ओढण्याची रीत गोव्यातही होती. तिथल्या खेड्यांतल्या बायका धुमटी अशीच, निखारा आत ठेवून ओढत, आणि सत्तरच्या दशकात त्यांच्या तोंडांची तपासणी करणारं सर्वेक्षणही झालं.

संघवी, राव आणि खानोलकर यांचा 1955 चा निबंध मला विशेष वाटतो. लंडननंतर पाचच वर्षांनी, त्याच ब्रिटिश नियतकालिकात तो आला. टाटामधल्या रुग्णांच्या सवयी आणि त्यांच्या कर्करोगाची नेमकी जागा त्यांनी जुळवून पाहिली. तंबाखू चघळणाऱ्यांचा रोग तोंडाच्या पुढच्या भागात, गालाच्या आत होता. विडी ओढणाऱ्यांचा मागे, जिभेच्या बुडाशी आणि घशात. तंबाखू जिथे टेकते आणि धूर जिथे आदळतो, तिथेच रोग उगवत होता. वर्षानुवर्षं तंबाखूचा बार गालात भरणारा आणि वर्षानुवर्षं विडी ओढणारा अशी दोन माणसं एकाच गावात राहतात, एकच भाकरी खातात. फरक पडतो तो एवढाच. कार्यकारणभाव इतक्या उघडपणे क्वचितच दिसतो.

रुग्णालयातल्या रुग्णांवरून शहराचा अंदाज येतो, हिशेब येत नाही. त्यासाठी शहरातल्या प्रत्येक नव्या कर्करोगाची नोंद हवी. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत अशी नोंदवही सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ती देशातली पहिली. जस्सावाला पारशी होते आणि नोंदवहीने त्यांच्याच समाजाबद्दल मोलाची गोष्ट दाखवली. पारशी अग्नीला पवित्र मानतात आणि धूम्रपान धर्मात निषिद्ध समजलं जातं. मुंबईतल्या पारशांत फुप्फुस, तोंड, घसा यांच्या कर्करोगाचं प्रमाण इतर समाजांच्या मानाने बरंच कमी निघालं. तीच मुंबई, तीच हवा, गिरण्यांची तीच धुरांडी. स्तनाचा कर्करोग मात्र पारशी स्त्रियांत जास्त होता, म्हणजे हा समाज कर्करोगापासूनच सुरक्षित होता असं नाही. तंबाखूच्या कर्करोगांपासून होता. इथेही फिशर यांचा आक्षेप उभा राहू शकतो, की पारशांचा वंशच वेगळा. म्हणून इतर समाजांच्या आत विडी ओढणारे आणि न ओढणारे वेगळे करून पाहिले गेले. 1979 मध्ये जस्सावाला आणि जैन यांनी मुंबईतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा असा अभ्यास छापला. विडीचा दोष लपला नाही.

यानंतरचं मोठं काम डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. 1991 ते 1997 या काळात मतदारयाद्यांवरून मुंबईतल्या पस्तिशीपुढच्या सुमारे दीड लाख लोकांना घरी जाऊन भेटलं गेलं, सवयी नोंदवल्या गेल्या, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन कोण राहिलं, कोण गेलं, हे विचारलं गेलं. मुंबईत काम केलेल्या कुणालाही कळेल की हे किती चिकाटीचं आहे. चाळी पाडल्या जातात, भाडेकरू बदलतात, माणसं गावी निघून जातात. निष्कर्ष स्वच्छ होता. विडी सिगारेटपेक्षा कमी घातक नाही, आणि दिवसाला विड्या वाढतील तसा मृत्यूचा धोका वाढतो.

2008 मध्ये प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या घरांतून मृत्यूंची माहिती गोळा करून काढलेला हिशेब असा: सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाची सरासरी दहा वर्षं जातात, विडी ओढणाऱ्या पुरुषाची सहा, आणि विडी ओढणाऱ्या बाईची आठ. हे पाहून विडीच बरी असं कुणी म्हणेल. पण एका विडीत सिगारेटच्या साधारण पाव भाग तंबाखू असते. पाव भाग तंबाखूने सहा वर्षं नेली, असं ते वाचायला हवं. या मृत्यूंत कर्करोगाइतकेच, किंबहुना आपल्या देशात त्याहून अधिक, क्षयाचे, दम्यासारख्या श्वसनाच्या आजारांचे आणि हृदयरोगाचे मृत्यू आहेत; कर्करोग हा धुराच्या अनेक वाटांपैकी एक.

पाव भाग तंबाखू इतकं का करते, त्याचं कारण ज्या पानामुळे विडी निर्धोक वाटते त्या पानातच आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांतून उन्हाळ्यात तोडलं जाणारं तेंदूपान कागदासारखं सच्छिद्र नसतं आणि नीट जळतही नाही. विडी थोडा वेळ तशीच धरली तर विझते. ती पेटती ठेवायची तर वरचेवर आणि जोरात झुरके मारावे लागतात, धूर खोलवर जातो. फिल्टर नाहीच. एका विडीतून मिळणारं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड साध्या सिगारेटहून जास्त भरतं.

आत काय घडतं, हे मात्र आकड्यांच्या फार नंतर कळलं. धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोग घडवणारी आहेत. बेंझोपायरीन हे त्यांतलं सर्वांत अभ्यासलेलं. ते मुळात निष्क्रिय असतं. शरीर ते बाहेर टाकण्यासाठी त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देऊ बघतं, आणि त्याच प्रक्रियेत ते डीएनएला चिकटणारं होऊन बसतं. पेशींची बेसुमार वाढ रोखणारं पी-53 नावाचं जनुक असतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात ते ज्या ठिकाणी बिघडलेलं सापडतं, नेमक्या त्याच ठिकाणी बेंझोपायरीन चिकटतं, हे 1996 मध्ये दाखवलं गेलं. 2016 मध्ये आणखी मोजणी झाली: रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली, तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 कायमचे बदल साचतात. यातले बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. पण कोणता नसेल ते आधी सांगता येत नाही, आणि योग्य त्या जागी चार-सहा बदल जमायला वीस-तीस वर्षं लागतात. विशीत विडी धरणाऱ्याला चाळिशीपर्यंत काहीच जाणवत नाही, ते यामुळे. खोकला असतो, पण तो विडीचा खोकला म्हणून घरात सगळ्यांच्या ओळखीचा झालेला असतो.

ही सगळी मोजदाद झाल्यावरही विडीला सरकारी धोरणात नेहमी सांभाळून घेतलं गेलं. सिगारेटच्या मानाने तिच्यावरचा कर कायम कमी राहिला, आणि कारण सांगितलं गेलं ते विड्या वळणाऱ्या बायकांचं. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या भागांत घरी बसून सूप मांडीवर घेऊन हजारी दराने विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. पण तंबाखूची पूड दिवसभर त्यांच्याच नाकातोंडात आणि कातडीत जाते, मजुरी तुटपुंजी राहते, आणि त्यांच्या नावावर सवलत मात्र कारखानदाराला मिळते. त्या बायकांना दुसरं काम मिळवून देण्याचा खर्च आणि विडीने गेलेल्या पुरुषांच्या घरांचा खर्च, हे दोन्ही शेजारी मांडून पाहण्याची तयारी मला कुठल्याच पक्षाच्या राजवटीत दिसलेली नाही.

महाराष्ट्रात ओढणारे आता कमी आहेत. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इथले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच सर्वेक्षणात 24.4 टक्के लोक तंबाखू दुसऱ्या मार्गाने घेणारे होते: चुना लावून मळलेली, मशेरी, मावा, विदर्भातला खर्रा. धुराने घसा आणि फुप्फुस धरलं, तर हिने गाल आणि जीभ धरली. खानोलकरांच्या रुग्णांमध्ये दिसलेला तो भेद अजून तसाच आहे.

ज्यांच्या खिशात आज बंडल किंवा पाकीट आहे, त्यांच्यासाठी सर्वांत कामाचे आकडे ब्रिटनमधल्याच एका अभ्यासातले आहेत. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्या 100 पुरुषांपैकी साधारण 16 जणांना पंचाहत्तरीच्या आत फुप्फुसाचा कर्करोग गाठतो. साठाव्या वर्षी सोडली तर 10 जणांना, पन्नासाव्या वर्षी 6, चाळिसाव्या वर्षी 3, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांत दोघांपेक्षाही कमी. आता इतकी वर्षं ओढली, सोडून काय उपयोग, असं पन्नाशीतला माणूस म्हणतो. त्याचा धोका त्या दिवसापासून पुढे निम्म्याहून कमी होणार असतो. 2020 मध्ये याचं एक आश्वासक कारणही दिसलं. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरात जवळजवळ निर्दोष पेशी सापडल्या, सिगारेट चालू असणाऱ्यांच्या चौपट. बिघडलेल्या पेशी दुरुस्त झाल्या नव्हत्या. कुठेतरी दडून वाचलेल्या चांगल्या पेशींनी जागा परत घेतली होती.

कमी करत आणू असं ठरवणारे बरेचदा तिथेच अडकतात, कारण निकोटिनची तल्लफ दिवसातून एकाच झुरक्यानेही जिवंत राहते. दिवस ठरवून पूर्ण थांबणं, पहिले काही आठवडे निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरणं, आणि कुणाशी तरी नियमित बोलत राहणं, याने यशाची शक्यता वाढते. पहिल्या प्रयत्नात न जमणं नेहमीचं आहे. सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी आधी अनेकदा प्रयत्न केलेले असतात. प्रत्येक पाकिटावर चित्राखाली जो 1800-11-2356 हा क्रमांक छापलेला असतो, तो तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीचा सरकारी दूरध्वनी आहे. फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो, तो सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतो आणि नंतरच्या दिवसांत स्वतःहून फोन करून विचारपूस करतो.